ओसाड जागेचा राखणदार

दिल्लीत हिरवळ हुद्द्याप्रमाणे मिळते. सचिवाला बंगला, बंगल्यापुढे हिरवळ आणि हिरवळीला माळी. त्याच्या खालच्याला दोन घरांत मिळून एक हिरवळ, आणि तिच्यावरून दोन्ही घरांतल्या बायकांचा अबोला. आमच्यासारख्यांना डालड्याच्या डब्यातली तुळस. ही वाटणी ज्या सरकारी खात्याकडे होती त्यात एक मराठी साहेब होते. सगळ्या बड्या लोकांच्या दारातलं गवत हिरवं ठेवण्याची जबाबदारी त्यांची, आणि त्यांच्या स्वतःच्या बाल्कनीत एक पानसुद्धा नव्हतं. एक दगड होता. नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या गावचा, काळा, उशीएवढा. कुणी विचारलं की म्हणत, "याला पाणी लागत नाही."

ते वरच्या मजल्यावर राहत, मी खालच्या. मी तेव्हा एका मंत्रालयात भाषणं लिहिण्याच्या कामावर होते. मंत्र्यांना मुद्दा नसला तरी भाषण असतंच, त्यामुळे काम भरपूर होतं. साहेबांच्या मते आमची दोघांची नोकरी एकाच जातीची होती. उद्घाटन कुठेही असो, आदल्या दिवशी त्यांच्या खात्याचा ट्रक गेरू लावलेल्या कुंड्या घेऊन जायचा, पायऱ्यांवर शेवंती आणि डेलिया मांडायचा, आणि पाहुण्यांची गाडी वळली की त्याच कुंड्या पुढच्या उद्घाटनाला निघायच्या. "मी कुंड्या पाठवतो, तुम्ही शब्द पाठवता," ते म्हणायचे. "कार्यक्रम संपला की दोन्ही परत ट्रकमध्ये. तिथे मुळं कशाचीच धरत नाहीत, बाई."

मला ते कायम 'बाई' म्हणत. मी कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते, पण त्यांचे वडील दुष्काळी भागात मिशनच्या शाळेचे मास्तर होते आणि लिहिणारी-वाचणारी बाई म्हणजे शिक्षिका हा हिशोब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

बोलण्याआधी ते थांबत. हे थांबणं साधं नव्हतं. तुम्ही प्रश्न विचारलात की ते तुमच्याकडे बघत राहत, आणि उत्तर येईपर्यंत तुम्हाला स्वतःचा प्रश्न मूर्खपणाचा वाटायला लागे. ट्रंक कॉलवर तर लोक "हॅलो, हॅलो" करून फोन ठेवून देत. एकदा एका मंत्र्यांच्या पत्नीने त्यांना बोलावून सांगितलं की पार्टी शनिवारी आहे, तर गुलाब शनिवारी फुलले पाहिजेत. साहेब थांबले. बाईंना वाटलं, कामाला लागले. मग ते म्हणाले, "मॅडम, कली को फाइल नहीं भेजी जा सकती." त्यांची बढती त्यानंतर बराच काळ रखडली, असं त्यांच्या खात्यातले लोक सांगत. साहेब स्वतः कधी बोलले नाहीत.

पाहुण्यांना ते एक प्रश्न हटकून विचारत: "तुम्ही शेवटचे गप्प कधी बसला होतात?" महाराष्ट्रातून दिल्ली बघायला आलेले त्यांचे नातेवाईक या प्रश्नाने गांगरून जायचे. बिचाऱ्यांना लाल किल्ला बघायचा असे, फार तर पानिपतला काला अंबच्या मराठ्यांच्या स्मारकापर्यंत जाऊन हळहळायचं असे. साहेब त्यांना स्कूटरवर मागे बसवून गुडगावच्या पलीकडे, अरवलीच्या पायथ्याशी असलेला आपला प्लॉट दाखवायला न्यायचे.

"अहो, माणसं एवढ्या लांबून येतात," काकू म्हणायच्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, एका सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. "त्यांना काहीतरी बघण्यासारखं दाखवा. दगड काय गावाकडे नाहीत?"

"गावाकडच्या दगडांवर आता ऊस आलाय," साहेब म्हणायचे.

प्लॉट म्हणजे तसं काहीच नव्हतं, आणि तेच त्यांना हवं होतं. तेव्हा तिकडे उंच इमारतींचा मागमूस नव्हता. रस्ता संपायचा, मग गाडीवाट संपायची, मग एक खडकाळ, उतरता तुकडा. विटक्या रंगाचे दगड, एक वेडी बाभूळ, जिला तिकडे विलायती कीकर म्हणतात, आणि वारा. उन्हाळ्याच्या तोंडाला तिथे टिटवी उघड्या दगडांतच अंडी घालायची. अंडी इतकी दगडांसारखी की साहेब बोट दाखवत तेव्हाच ती दिसत. जागा त्यांनी कुणालाच नको होती तेव्हा घेतली होती. निवृत्त झालो की रोज इथे येऊन बसणार, हा त्यांचा एकमेव बेत. घर बांधणार नाही, विहीर खणणार नाही, कुंपण घालणार नाही. "तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांची हिरवळ सांभाळली. आता मला माझं रान पाहिजे," असं ते म्हणाले की त्यांच्या चेहऱ्यावर एरवी कधी न दिसणारा हावरेपणा दिसायचा. लोक फ्लॅटसाठी तोंडाला पाणी सुटल्यासारखे बोलतात, तसं हे दगडांसाठी बोलत.

दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी संख्येने थोडी. नगर, जालना, सोलापूरकडची, केंद्र सरकारच्या नोकरीमुळे इकडे आलेली. स्वतःचं चर्च नाही. दुसऱ्यांच्या चर्चचा हॉल रविवारी दुपारी मिळायचा, तोवर आधीच्या तीन भाषांतल्या उपासनांनी पंखेसुद्धा दमलेले असायचे. साहेब या मंडळीचे वडीलधारे. आणि त्यांनी मंडळीला एक प्रथा लावली होती: ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत एका रविवारची उपासना त्यांच्या प्लॉटवर. सतरंजी नाही, पेटी नाही, माइक नाही, आणि पाणी नाही. पाणी परत येताना.

मी हिंदू, तेही सणापुरती. पण काकू मला दर वर्षी न्यायच्या. "तू चल गं," त्या म्हणायच्या, "मला वाटेत बोलायला कुणीतरी पाहिजे. तिथे गेल्यावर तर बोलायची चोरीच आहे." मी जायचे. खरं सांगायचं तर मंत्र्यांची भाषणं लिहून लिहून माझे कान किटलेले असत, आणि वर्षातून एकदा अशी सभा ऐकायला मिळे जिच्यात वक्ता निम्मा वेळ गप्प असायचा.

त्यांचं बोलणं प्रवचनासारखं नसे. नकाशा दाखवणाऱ्या माणसासारखं असे. देव माणसाशी कुठे कुठे बोलला, हे ते जागेवर बोट ठेवून सांगत. "बागेत बोलला," ते म्हणायचे, "तेव्हा माणूस झाडामागे लपला. लपायला झाडं होती ना! रानात बोलला तेव्हा मोशेला लपायला जागाच नव्हती. पायातलं काढून उभं राहावं लागलं." मग बराच वेळ काही नाही. वारा. कुणाचं तरी पोर विचारायचं, "पप्पा, चलें?" आणि त्याचा बाप त्याला मराठीत दटावायचा.

हागार त्यांची विशेष आवडती. मालकिणीने घराबाहेर काढलेली दासी, कडेवर मूल, पखालीतलं पाणी संपलेलं. "तिला कुणी प्रार्थना शिकवली नव्हती," साहेब म्हणायचे. "ती मूल झुडपाखाली ठेवून लांब जाऊन रडत बसली. एवढंच. आणि देव तिच्याकडे आला. राजवाड्यात अर्ज द्यावा लागतो, बाई, रानात रडलं तरी पोहोचतं." हे ते मला उद्देशून म्हणत, कारण अर्ज, टिपणं आणि मसुदे हे माझं खातं.

सैतानाने प्रभूला रानात दाखवलेली तीन आमिषं ते फार मजेत सांगत. दगडाच्या भाकरी कर. मंदिराच्या टोकावरून उडी मारून लोकांना थक्क कर. सगळी राज्यं घे. "आमच्या तिन्ही मंत्रालयांचा अजेंडा," असं म्हणून ते थांबत, आणि मंडळीतले कारकून लोक हसावं की नाही म्हणून एकमेकांकडे बघत. "प्रभूने तिन्हींना नाही म्हटलं. कुठे? रानात. दिल्लीत जमलं असतं का, माहीत नाही."

मला स्वतःला त्यांची एलियाची गोष्ट आवडायची. एवढा मोठा संदेष्टा, राणीच्या धमकीने घाबरून रानात पळाला, एका झुडपाखाली पडला आणि म्हणाला, पुरे झालं, आता मरू दे मला. "देवाने त्याला उपदेश केला नाही," साहेब सांगायचे. "श्रद्धा कमी पडली म्हणून झापलं नाही. दूत पाठवला, त्याने भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी ठेवलं. खा म्हणाला. याने खाल्लं आणि परत झोपला. झोपू दिलं! मग परत उठवून परत जेवायला घातलं. बोलणं नंतर."

ही गोष्ट ऐकतानाच मी एकदा पकडली गेले. पाणी न नेण्याचा नियम मी कधी पाळला नाही. माझ्या पिशवीत कायम पाण्याची बाटली असे, पदराआड करून दोन घोट घ्यायचे. त्या दिवशी झाकण दगडावर पडलं आणि त्या शांततेत ताटली पडावी तसा आवाज झाला. मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, डोळे वटारले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, नेहमीसारखे थांबले, आणि म्हणाले, "असू द्या. कुणीतरी पाणी आणलेलं असावं लागतं. गोष्टीतही कुणीतरी आणलंच होतं." त्यानंतर दर वर्षी ते निघताना मला हळूच विचारत, "बाई, घेतलंय ना?"

एकदा आपल्या राज्याच्या दिल्लीतल्या अतिथिगृहात मराठी लोकांचं स्नेहभोजन होतं. तिथे एका सद्गृहस्थांनी श्रीखंड खाता खाता साहेबांना विचारलं, "म्हणजे तुम्ही ते दुष्काळात झालेले ख्रिस्ती का?" विचारण्यात ती विशिष्ट गोडी होती जी आपल्याकडे फक्त दुसऱ्याला कमी लेखताना येते. मी साहेबांकडे पाहिलं. ते थांबले. इतके थांबले की आजूबाजूच्या वाट्यासुद्धा थांबल्या.

"हो," ते म्हणाले. "दुष्काळातलेच. आमच्या पणजोबांना देव सुकाळात भेटायला आला नव्हता. तुमच्याकडे येतो का?"

गृहस्थ श्रीखंडात बघू लागले. घरी येताना बसमध्ये साहेब म्हणाले, "मला राग नाही आला. त्यांनी बरोबर विचारलं. आमच्याकडे दुसरं काही नव्हतंच. जमीन तडकलेली, विहिरीत गाळ. लोकांना वाटतं, पोटासाठी गेले. पोटासाठी गेले असते तर पाऊस पडल्यावर परत आले असते." त्या दिवशी मला त्यांच्या बाल्कनीतला दगड कळला, आणि प्लॉटही. तो प्लॉट म्हणजे त्यांच्या घराण्याचं देवघर होतं. फक्त घर नसलेलं.

तर ते निवृत्त झाले. रंगीत टीव्ही घरोघरी येत होते, तेव्हाची गोष्ट. निवृत्तीनंतर लगेच दोघं पुतणीच्या लग्नाला गावी गेले, आणि आल्या आल्या मंडळीचा रानातला रविवार होता. म्हणजे रान आता कायमचं त्यांचं होणार, त्याची ती सुरुवात. जाताना मला म्हणाले, "परत आलो की सोमवारपासून तिथे. डबा घेऊन."

ते गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी माझ्या टेबलावर एक काम आलं. एका उपमंत्र्यांचं छोटं भाषण, विषय: उजाड भूमीवर फुललेली बाग. जागा वाचली, तर साहेबांचाच प्लॉट.

झालं होतं असं. साहेबांच्या हाताखालच्या माळ्यांनी आणि मंडळीने मिळून त्यांना निवृत्तीची भेट द्यायचं ठरवलं होतं. माळी त्यांच्यावर जीव टाकत, कारण दिल्लीतला तो एकच साहेब होता जो माळ्याला नावाने हाक मारायचा आणि झाडाच्या तब्येतीआधी त्याची विचारायचा. मंडळीचाही त्यांच्यावर जीव. दोघांनी वर्गणी काढली. साहेब वर्षानुवर्षं त्या ओसाड जागेबद्दल बोलतात, दर वर्षी तिथे जाऊन बसतात, काय बरं त्यांच्या मनात असेल? बागेतला माणूस, बागच असणार! मी पाळकांना गाठलं.

"पाळकसाहेब, त्यांना ती जागा तशीच हवी आहे. ओसाड."

"ओसाड कुणाला हवं असतं, ताई?" पाळक सज्जन माणूस होते, तरुण, उत्साही. "रान हर्षेल, गुलाबासारखं फुलेल, हे संदेष्ट्याने लिहून ठेवलंय. साहेब त्याचीच तर वाट बघतायत. आपण निमित्त."

"ते तिथे वाट बघत नाहीत. ते तिथे बसतात."

"अच्छा," पाळक म्हणाले, आणि मला हिंदू असल्याबद्दल क्षमा केल्यासारखे हसले. "पण सुरुवात झालीये ना आता. टँकर येतोय रोज."

मी गावी तार करावी का, असा विचार केला. काय लिहिणार तारेत? तुमच्या वाळवंटात गुलाब आले, ताबडतोब निघा? भाषण मात्र मी शक्य तितकं लहान लिहिलं. उपमंत्र्यांनी त्यात आपली भर घातली ती निराळी.

त्या रविवारी मी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत होते, आणि त्यामुळे सगळं त्यांच्या चेहऱ्यावरच बघितलं. गाडीवाट संपली तिथे कमान उभी होती. कमानीच्या आत हिरवंगार. दूब, म्हणजे हरळी, अंथरलेली, कडेला तिरक्या विटा, गेरू आणि चुन्याने रंगवलेल्या. गुलाबाचे ताटवे. पेटुनियाच्या कुंड्यांची रांग. मधोमध संगमरवरी पाटी, तिच्यावर पडदा. दगड एकही नाही. ट्रकने उचलून नेले होते. टिटवी वरून ओरडत घिरट्या घालत होती आणि कुणालाच ती कशासाठी ओरडते ते कळत नव्हतं. नव्हे, एकाला कळत होतं.

पडदा उघडला. टाळ्या. उपमंत्री बोलले. "मरुभूमि को उद्यान बनाना ही हमारा संकल्प है," वगैरे. माळ्यांचा मुकादम, मिशीवाला, तगडा माणूस, पुढच्या रांगेत हात जोडून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांतून अभिमानाने पाणी वाहत होतं.

साहेबांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते थांबले. उपमंत्र्यांनी घड्याळ बघितलं. साहेब खाली वाकले, ताटव्यातल्या मातीत बोट खुपसलं, आणि मुकादमाला विचारलं, "पानी कितनी बार?"

"दो टाइम, साहब. खुद खड़ा रहता हूँ."

"दिखता है," साहेब म्हणाले. मग सरळ उभे राहून मराठीत म्हणाले, "फार सुंदर झालंय. मी स्वतः केली असती तरी याहून चांगली झाली नसती." आणि मग तेच हिंदीत. जोरात टाळ्या. पाळकांनी माझ्याकडे बघितलं: बघा!

काकूंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या कानाशी म्हणाल्या, "खोटं नाही बोलले. पण आज घरी जेवणार नाहीत बघ."

जेवले नाहीत. नंतरचे दिवस मी जिन्यातून ऐकत होते, कारण काकूंचा आवाज मोठा होता आणि साहेबांची उत्तरं उशिरा यायची. वर्गणी संपली, टँकर बंद झाला. एप्रिलचं ऊन वाढत होतं.

"मग मरू द्या की!" काकू म्हणाल्या. "पाणी बंद करा, जूनपर्यंत तुमचं रान तुम्हाला परत. कुणी विचारणारसुद्धा नाही."

खूप वेळाने साहेबांचा आवाज आला. "कुणीतरी लावलंय ते. जिवंत आहे. त्याला तहानेने मारून रान मिळवायचं असेल, तर ते रान नव्हे. ती मसणवट."

"मग उपटून वाटून टाका."

"एप्रिलमध्ये गुलाब हलवत नाहीत."

हे वाक्य त्यांनी अशा काही सरकारी सुरात म्हटलं की मला जिन्यात हसू आलं. आणि मग हसू आलेलं बरं नाही वाटलं. कारण त्या माणसाने आयुष्यभर ज्या उन्हाळ्याची वाट पाहिली होती, तो उन्हाळा त्याने आपल्या रानात पाणी घालत काढला. स्कूटरला दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे कॅन. पहाटे एक खेप, उन्हं कलल्यावर एक. सगळ्या दिल्लीच्या हिरवळीला पाणी पुरवून निवृत्त झालेला माणूस सकाळी नळाच्या रांगेत उभा राही. काकू कॅन भरायला मदत करायच्या आणि तोंडाने बोलत राहायच्या: "इस्राएल लोकांना खडकातून पाणी मिळालं. तुमचे तर खडकच काढून नेलेत." मी एकदा विचारलं, "साहेब, तिथे बसता तरी का थोडं?" ते थांबले. "बसायला गेलो की गवत दिसतं," म्हणाले. "आणि गवत दिसलं की त्यातलं तण दिसतं. सवय."

पाऊस सुरू झाल्यावर त्यांनी खुरपं हातात घेतलं. मुळांभोवतीच्या मातीसकट एकेक गुलाब काढायचा, ओल्या पोत्यात बांधायचा, स्कूटरवर ठेवायचा, आणि रविवारच्या उपासनेनंतर हॉलच्या दारात उभं राहून द्यायचा. प्रत्येकाला एक. जास्त मागितलं तरी नाही. "मान्न्याचा नियम," ते म्हणायचे. "रानात देव रोज आकाशातून अन्न पाडायचा, ते आजच्यापुरतं. साठवलं की किडे पडतात." मंडळी चकित झाली, पण फुकटचा गुलाब कोण सोडतं? दूब हॉलच्या अंगणात गेली. आमच्या कॉलनीत तर डालड्याचे डबे अपुरे पडले. माझ्या वाट्याला एक लाल गुलाब आला, आणि त्याच्याबरोबर छाटणी कधी करायची याचं भाषण, जे मी लिहिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा मुद्देसूद होतं.

एकाच माणसाचं काय करायचं, हा प्रश्न होता. मुकादम एक दिवस स्वतःची बाग बघायला प्लॉटवर आला, आणि अर्धे ताटवे रिकामे. मी त्या दिवशी तिथे होते, पोती धरायला.

साहेब उठून उभे राहिले. हाताला चिखल. "तेरे गुलाब इतने अच्छे निकले," ते म्हणाले, "कि लोग माँगते रहते हैं."

मुकादमाने सगळीकडे नजर फिरवली. मग साहेबांकडे. "साहब," तो म्हणाला, "झूठ आपको आता नहीं है."

साहेब थांबले.  शेवटी त्यांनी त्याला बाभळीखाली नेलं, बसवलं, आणि स्वतः शेजारी बसले. काही बोलले नाहीत. कितीतरी वेळ दोघं तसेच. मुकादम आधी अस्वस्थ झाला, मग त्याने पगडी काढून मांडीवर ठेवली, मग तो त्या उतारावरून लांब, जिथे काही नव्हतं तिथे बघू लागला. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं दिसलं.

"यह चाहिए था आपको?" त्याने विचारलं.

"हाँ."

"तो पहले बोलते, साहब! हमको क्या मालूम, आदमी को पत्थर भी पसंद होता है?"

"इतने साल बोलता ही तो रहा," साहेब म्हणाले. "बोलना नहीं आया." आणि ते हसले. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हाच पाहिलं.

दगड कुठल्या खड्ड्यात टाकले ते मुकादमालाच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच ओळखीच्या ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला आणि दगड परत आले. सैतानाने दगडांच्या भाकरी करायला सांगितल्या होत्या. या माणसाने उलटं केलं: भाकरीसारखे गुलाब लोकांना वाटून झाले आणि त्यांच्या जागी पुन्हा दगड आणले. मुकादम ते ओळीत लावायला निघाला होता. चाळीस वर्षांचा हात, करणार काय? साहेबांनी त्याला थांबवलं. "लाइन में नहीं. जैसे गिरें." संगमरवरी पाटी पालथी घातली आणि तिचं बसायचं आसन झालं. उपमंत्र्यांच्या नावावर इतका उपयोगी प्रसंग पुन्हा आला नसावा.

पुढच्या वर्षीच्या रानातल्या रविवारी पाळक उभे राहिले, पवित्र शास्त्र उघडलं, मंडळीकडे पाहिलं, आणि मिटलं. "आज आपण नुसते बसू या," म्हणाले आणि खाली दगडावर बसले. साहेबांनी मान हलवली. माझ्याकडे वळून ओठांनीच विचारलं: घेतलंय ना?

साहेब आता नाहीत, काकूही नाहीत. प्लॉट आहे. मंडळीच्या ताब्यात आहे, आणि जाताना त्यांनी पाळकांकडून एकच कबूल करून घेतलं होतं, ते तुम्ही ओळखलं असेल. चारी बाजूंनी काचेच्या इमारती आल्या. मधोमध तो तुकडा दात पडलेल्या जागेसारखा दिसतो. बिल्डर येतात, पाळकांना भेटतात आणि परत जातात. पाळक आता म्हातारे झाले आहेत. त्यांनाही बोलण्याआधी थांबायची सवय लागली आहे, आणि ती बिल्डरांवर चांगली चालते. टिटवी बरीच वर्षं आली नाही. मग आली.

माझी श्रद्धा होती तिथेच आहे, म्हणजे फारशी कुठे नाही. पण नोएडाहून मेट्रोने, मग रिक्षाने, मी अधूनमधून तिथे जाऊन बसते. मागच्या मार्चमध्ये गेले तेव्हा शेजारच्या टॉवरचा वॉचमन कुंपण नसलेल्या हद्दीवर उभा होता. पन्नाशीचा, बुंदेलखंडाकडचा, गणवेश अंगाला मोठा.

"मैडम, यहाँ क्या बनेगा?"

"कुछ नहीं."

त्याने मला नीट पाहिलं. मस्करी करते की काय म्हणून. मग म्हणाला, "मैं थोड़ा बैठ जाऊँ? रात की ड्यूटी थी, दिन वाला आया नहीं. अंदर बैठने नहीं देते, लॉन खराब होता है."

"बैठिए," मी म्हटलं. "यहाँ खराब होने लायक कुछ नहीं है."

तो बाभळीखाली बसला, फडकं सोडलं, दोन रोट्या आणि मिरची खाल्ली, आणि बूट काढून तिथेच आडवा झाला. पाचच मिनिटांत घोरायला लागला. खाणं होतं, पाणी नव्हतं. मी काही वेळ थांबले. मग पिशवीतली बाटली काढली, त्याच्या उशाशी ठेवली, आणि पायाखालचे दगड वाजणार नाहीत अशा बेताने निघाले.